रस्ता सगळ्यांचा, ओटला बांचा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी बडोद्यात मांजलपूरला राहतो, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी करतो. रविवारी सकाळी आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप जुन्या शहरात पायी फिरतो, फोटो काढतो. थंडीत मांडवीजवळच्या एका पोळेत, म्हणजे जुन्या घरांच्या अरुंद गल्लीत, एक वयस्कर बा (इथे आजीला बा म्हणतात) घरापुढच्या ओटल्यावर बसून तुवेर (तूर) सोलत होत्या. कोवळं ऊन, मागे कोरीव लाकडी खांब. मी लांबून एक फोटो घेतला. त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी पदर तोंडावर ओढला. तोही फोटो घेतला, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त चांगला आला. दोन्ही इन्स्टाग्रामवर टाकले.

पुढच्या रविवारी बांचा नातू आणि चार पोरं पोळेच्या तोंडाशी उभी होती. त्यांनी माझा हात धरून ठेवला, पोस्ट काढायला लावली, फोनमधले फोटो पुसायला लावले. 'फरी आ पोळमां देखातो नहीं' (पुन्हा या पोळेत दिसू नकोस), असं सुनावलं. आता तिथे लोखंडी दांडा आडवा लावलाय आणि 'बहारना माणसोए प्रवेश करवो नहीं' अशी पाटी आहे. पलीकडच्या बाजारात निघायला आम्ही तीच वाट वापरतो.

माझी बहीण लेस्टरला असते. ती म्हणते, तिकडे पायवाट शेतातून जात असली तरी शेतकरी चालणाऱ्याला अडवू शकत नाही. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला कायद्याची बंदी नाही, हेही मी वाचलंय. मग चूक कोणाची? पोलिसात जाऊ का? मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात आहेत, पुन्हा टाकू का? आणि रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?

ता.क. ग्रुपमधल्या एकाने ड्रोन घेतलाय. पोळांची छपरं वरून घ्यावीत असं चाललंय.

— कॅमेरेवाला, मांजलपूर

उत्तर

भाऊ,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रातला सगळा राग तिथेच साठलाय. रस्ता त्यांच्या बापाचा नसावा. बहुधा महानगरपालिकेचा असेल. पण तुम्ही दोन भांडणं एका गाठोड्यात बांधली आहेत. त्या वाटेने जायचा तुम्हाला हक्क आहे का, हे एक. त्या वाटेवर उभं राहून बांचा चेहरा घेऊन जायचा हक्क आहे का, हे दुसरं. पहिल्यात तुमची बाजू बरी आहे, दुसऱ्यात लंगडी. आणि तुम्ही पहिल्याच्या जोरावर दुसरं जिंकायला निघाला आहात.

आधी कायद्याचं बघू. तुम्ही वाचून आलात, आणि जे वाचलंत ते खोटं नाही.

रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम ७७ बाईचं चोरून चित्रण करण्याबद्दल आहे, पण ती खासगी कृतीत असताना, आपल्याला कोणी पाहत नाहीये असं तिने रास्तपणे धरून चालावं अशा जागी. तुवेर सोलणं त्यात बसत नाही. कलम ७८ पाठलागाचं आहे. कलम ७९ मध्ये बाईच्या खासगीपणात घुसण्याचा उल्लेख आहे, पण तिथे विनयाचा अपमान करण्याचा हेतू दाखवावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई हे शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं आहे. म्हणजे नातू तुमचा हात धरण्याऐवजी पोलिस चौकीत गेला असता, तर त्याला तिथून रिकाम्या हातानेच परतावं लागलं असतं. फोटोची मालकी म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुम्ही हौसेने काढलेला फोटो तुमचाच, त्यातल्या चेहऱ्याच्या धनिणीचा नाही.

एवढं वाचून खूश झाला असाल तर जरा थांबा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात असंही म्हटलंय की माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्याने त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण तो जागेशी नाही, माणसाशी जोडलेला असतो. त्याच्या बऱ्याच आधी, १९९४ च्या राजगोपाल खटल्यात, एखाद्याच्या खासगी आयुष्याबद्दल संमतीशिवाय छापणाऱ्यावर भरपाईचा दावा होऊ शकतो असं न्यायालयाने सांगून ठेवलंय. बा उद्या तुमच्यावर दावा ठोकतील असं मी म्हणत नाही. 'पब्लिक प्लेस होती' एवढं म्हटलं की विषय संपला, असं मात्र समजू नका.

बाहेरचाच दाखला हवा असेल तर लेस्टरपेक्षा मॉन्ट्रियलचा घ्या. तिथे एक १७ वर्षांची मुलगी इमारतीच्या पायरीवर बसली होती. एका छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तो कलेच्या मासिकात छापून आला. फोटोत वावगं काही नव्हतं. तिला विचारलं मात्र नव्हतं. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला, २,००० डॉलर भरपाई कायम झाली. तो निकाल क्वेबेक प्रांताच्या कायद्यावर उभा आहे, आपल्यावर बंधनकारक नाही. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरवरच्या तशाच एका खटल्यात २००६ मध्ये छायाचित्रकार सुटला. म्हणजे देश बदलला की उत्तर बदलतं. पण पायरीवर बसलेली ती मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आपल्या पोळांमध्ये पायरी म्हणजे ओटलाच.

आता त्या पदराकडे येते.

पोळेतली घरं तुम्ही आतून पाहिली आहेत का? तोंडाला अरुंद, आत खोल, मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. म्हणून उजेडातली कामं ओटल्यावर होतात. भाजी निवडणं, धान्य पाखडणं, केस विंचरणं, नातवंडांना भरवणं, दुपारी समोरच्या बाईशी चार गोष्टी. बाहेरच्याला तो रस्ता दिसतो. तिथल्यांसाठी ती घराची पुढची खोली आहे, फक्त तिला भिंत नाही. येणारे-जाणारे दिसतात, बघतात, पुढे जातात, याला कोणाची हरकत नसते. बघणारा थांबला, डोळ्याला कॅमेरा लावला, की हिशेब बदलतो.

बांचा पहिला फोटो तुम्ही घेतलात, त्यावर मी फार बोलणार नाही. त्यांना कळलं नव्हतं, ऊन छान होतं, हात आपसूक वर गेला. रस्त्यावरच्या छायाचित्रणातलं निम्मं सौंदर्य न विचारण्यातच असतं, हे मला मान्य आहे. 'बा, जरा हसा' म्हणून काढलेले फोटो आधार कार्डावर शोभतात. पण मग त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि पदर ओढला. भाऊ, त्या क्षणी तुम्हाला उत्तर मिळालं होतं. नकार देण्याची याहून स्पष्ट रीत त्या वयाच्या बाईकडे दुसरी कोणती असणार? तिने अर्ज करायचा होता का? तुम्ही तो नकार पाहिलात, त्याचाच फोटो काढलात, आणि तो जास्त चांगला आला म्हणून चारचौघांत मांडलात. नातू चिडला तो पहिल्या फोटोवर नाही, या दुसऱ्यावर, असा माझा अंदाज आहे.

कार्डातला तो दुसरा फोटो पुसून टाका. ब्लर करून, कृष्णधवल करून, पोळेचं नाव काढून वगैरे काही नको. पहिला घरी राहू दे, कुठेही टाकू नका. कधी बांशी ओळख झालीच तर त्यांना दाखवा, मग त्या काय म्हणतील ते.

इथे आपल्याच बडोद्यात राहून गेलेल्या होमाई व्यारावाला आठवतात. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा. दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याचे दिवस टिपले, नेहरूंचे कितीतरी फोटो काढले, आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पुढे त्या बडोद्याला आल्या, २०११ ला पद्मविभूषण मिळालं, जानेवारी २०१२ मध्ये इथेच गेल्या. काम का सोडलं, तर नव्याने आलेल्या छायाचित्रकारांची वागणूक त्यांना बघवेना. त्यांच्या पिढीत कुठे उभं राहायचं, किती जवळ जायचं, कपडे कोणते घालायचे याचेही दंडक होते, आणि ते कोणी कायद्याने लावलेले नव्हते. त्यांचे विषय पंतप्रधान आणि राण्या. तरी दंडक होते. तुमचा विषय तर तुवेर सोलणारी बाई.

बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजचे ज्योती भट्टही घ्या. चित्रकार, तिथेच शिकवलं, आणि गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतली भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या अंगावरचं गोंदण असं सगळं वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात साठवलं. गोंदणाचा फोटो लांबून, झूम लावून येत नाही. त्यासाठी बाईने आपण होऊन हात पुढे करावा लागतो. तो हात पुढे येईपर्यंत किती वेळ ओटल्यावर बसावं लागत असेल, याचा विचार तुमच्या ग्रुपने जरूर करावा.

मग विचारायचं कधी आणि नाही कधी? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मंगळ बाजारातली गर्दी, वरघोड्याची नि विसर्जनाची मिरवणूक, खंडेराव मार्केटमधली भाजीची घासाघीस: बेलाशक काढा, तिथे लोक दिसायलाच आलेले असतात किंवा कामात दंग असतात. कोणी डोळ्याला डोळा भिडवला तर कॅमेरा खाली करा, हसा, स्क्रीन दाखवा. 'नको' म्हटलं तर समोरच पुसा. पण माणूस बसलाय, जागचा उठून जाऊ शकत नाही, जेवतोय, देवापुढे हात जोडून आहे, रडतोय, तर आधी विचारायचं. 'बा, एक फोटो पाडुं?' एवढं गुजराती तुम्हाला येतंच. झोपलेल्याला विचारता येत नाही, म्हणून झोपलेल्याचा फोटो काढायचा नाही. फुटपाथवर झोपलेल्या मजुराच्या फोटोला स्पर्धेत बक्षीस मिळतं हे मला माहीत आहे, आणि मला ते कधीही आवडलेलं नाही. लहान मुलांचं आई-बापांना विचारून, आणि शाळेचा गणवेश किंवा घराचा दरवाजा ओळखू येईल असं काही टाकायचं नाही. नवरात्रीत गरब्याच्या मैदानात एकाच मुलीवर मिनिट-मिनिट झूम लावून व्हिडिओ काढणाऱ्यांबद्दल वेगळं लिहीन. ते छायाचित्रण नाही, आणि त्यांच्यावर कलम ७८-७९ लागायला फार ओढाताण करावी लागणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमचा ग्रुप आज हौसेचा आहे. उद्या फेरीला पैसे घ्यायला लागलात आणि जाहिरातीत पोळेतल्या माणसांचे चेहरे वापरलेत, तर हिशेब वेगळा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्वतःच्या घरगुती, वैयक्तिक वापराला सूट आहे, धंद्याला ती नाही. तेव्हा लेखी संमती घ्या.

आता वाटेचं.

बहीण सांगते ते इंग्लंडपुरतं खरं आहे. तिथे सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदलेल्या असतात आणि शेतमालक त्यावर कुलूप लावू शकत नाही. पण हा हक्क तिथल्या न्यायालयांनी पूर्वापार 'जाण्या-येण्याचा' मानलाय. एक खटला तुम्हाला ऐकवायलाच हवा, १९०० सालचा, हिकमन विरुद्ध मेझी. शर्यतीचे घोडे जिथे तालमीला आणत त्या जमिनीतून सार्वजनिक रस्ता जात होता. एक गृहस्थ त्या रस्त्यावर आला आणि १५ यार्डांच्या तुकड्यात जवळजवळ दीड तास इकडून तिकडे फेऱ्या मारत, दुर्बिणीतून घोडे बघत, टिपणं घेत राहिला. शर्यतीच्या बातम्या पुरवणं हा त्याचा धंदा. पाय एकदाही रस्त्याबाहेर पडला नाही. तरी न्यायालयाने त्याला अतिक्रमण करणारा ठरवलं, कारण रस्ता जाण्यासाठी होता आणि तो जात नव्हता. पुढे १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे बरंच सैल केलं. कोणाची अडचण होत नसेल तर रस्त्याचा वाजवी वापर चालतो, असं म्हटलं. पण दुर्बीणवाल्याच्या जागी कॅमेरेवाला ठेवून बघा, आणि बहिणीलाही ही गोष्ट कळवा.

आपल्याकडे पहिला प्रश्न हा की ती गल्ली कोणाची. गुजरातच्या महानगरपालिकांना १९४९ चा कायदा लागू आहे आणि त्याप्रमाणे सार्वजनिक रस्ते पालिकेच्या ताब्यात असतात. पूर्वी पोळेला दरवाजा असे, रात्री तो बंद होई, आतली माणसं एका जातीची किंवा धंद्याची असत. त्या आठवणीवर आजही लोक 'अमारी पोळ' म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. पण गटाराची लाइन, दिवे, झाडलोट पालिका करत असेल तर गल्ली सार्वजनिक असण्याची शक्यता दांडगी. नक्की करायचं तर वॉर्ड ऑफिसात विचारा, सिटी सर्व्हेचा नकाशा बघा, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक कानमंत्र: ओटले पालिकेच्या जागेत किती पुढे आलेत हा विषय चुकूनही काढू नका. निम्म्या जुन्या शहराशी वैर घ्याल.

गल्ली सार्वजनिक निघाली तर तिथे दांडा लावायचा हक्क कोणालाच नाही. पालिका तो काढू शकते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारीही अडथळा हटवण्याचा हुकूम देऊ शकतात. गल्ली खासगी निघाली तर तुम्ही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं नाव काढाल, म्हणून आधीच सांगते. वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरलेली वाट त्या कायद्याने टिकते हे खरं, पण तो हक्क जमिनीला किंवा घराला चिकटतो. पोळेच्या मागे ज्याचं घर आहे आणि ज्याला दुसरीकडून वाटच नाही, त्याला तो सांगता येईल. मांजलपुरात फ्लॅट असलेल्या रविवारच्या पाहुण्याला नाही. आणि 'जा रे बाबा' म्हणून कोणी आपखुशीने जाऊ दिलं असेल, तर ती मेहेरबानी, हक्क नाही.

चालणाऱ्याचा हक्क म्हटलं की मला मात्र तुमच्या पोळेपेक्षा दुसरीच चित्रं दिसतात. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पायी चालणाऱ्याला मोकळा, अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आता रावपुऱ्यातून दांडिया बाजारापर्यंत संध्याकाळी चालून दाखवा. फुटपाथ सापडला तर त्यावर ॲक्टिवा लावलेली, तिच्यापुढे दुकानाचा बोर्ड, आणि उरलेल्या फुटात वीजमंडळाचा खांब. आणि कमाटी बागेत सकाळी फिरणाऱ्यांना नवं दुखणं लागलंय ते रीलवाल्यांचं. वाटेच्या मधोमध तिकाटणं, एक मुलगी गोल गोल फिरतेय, आणि मित्र हात आडवा करून सत्तरीच्या काकांना थांबवतोय: 'अंकल, एक मिनिट, शूट चालू छे.' वाचकांनो, थांबू नका. चालत राहा, फ्रेममधून चला. बाग १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी केली ती लोकांनी फिरायला. फोटोसाठी चालणारा थांबणार नाही, चालणाऱ्यासाठी फोटोवाला थांबेल. हा क्रम एकदा मनात पक्का बसला की तुमच्या प्रश्नांपैकी बरेचसे आपोआप सुटतात. कारण भाऊ, सहा फुटांच्या पोळेत दहा-बारा माणसं गळ्यात कॅमेरे घालून उभी राहिली, तर दूधवाला, शाळेचं पोर आणि गॅसची बाटली खांद्यावर घेतलेला माणूस कुठून जाणार? सार्वजनिक वाटेत अडथळा करण्याला न्याय संहितेत कलम २८५ आहे, आणि ते आडव्या दांड्याइतकंच उभ्या ग्रुपलाही लागू शकतं.

पोलिसांचं. तुमचा हात धरून अडवलं हे चुकीचंच. कोणाही नागरिकाला दुसऱ्याचा फोन हिसकायचा किंवा जबरदस्तीने त्यातलं काही पुसायला लावायचा अधिकार नाही. जिकडे जायचा हक्क आहे तिकडे जाण्यापासून माणसाला अडवणं हा कलम १२६ चा गुन्हा आहे, शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे: खासगी वाट अडवायचा आपल्याला हक्क आहे असं कोणी सद्भावनेने मानत असेल, तर तो गुन्हा होत नाही. नातवाचा वकील पहिल्याच तारखेला हे वाचून दाखवेल. त्याहून मोठी अडचण ही की चौकीत पहिला प्रश्न येईल, 'फोटो कोणाचा काढला होता? बघू.' तो फोटो तुम्ही ठाणेदाराला दाखवाल तेव्हा बांनी पदर ओढलेला असेल. तक्रार करू नका, हा माझा स्वच्छ सल्ला. पुन्हा कोणी अंगावर आलं तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी हे करा. रविवार सोडून एखाद्या संध्याकाळी एकटे जा, कॅमेरा घरी ठेवून. पोळेच्या तोंडाशी किराणावाला किंवा डेअरीवाला असेलच, त्याला गाठा, त्याच्यामार्फत नातवाला बाहेर बोलवा. पोळेत आपली मराठी घरंही असतील, कोणी ओळखीचं निघालं तर उत्तम. कायद्यातलं एक अक्षर बोलू नका. 'बांनी नको म्हटल्यावर मी काढायला नको होता, मूळ फोटोही पुसलाय,' एवढंच. पेढ्यांचा डबा नेऊ नका, लाच वाटते. बांना भेटायचा हट्ट धरू नका. त्यांनीच बोलावलं तर बसा, चहा घ्या, आणि त्या दिवशी फोटोचा विषय काढू नका. नातू तरीही भडकलेला असेल तर नमस्कार करून परत या.

आणि दांडा? तो लगेच निघेल असं मला वाटत नाही. त्याविरुद्ध अर्ज करायचा तर तो करावा रोज त्या वाटेने बाजारात कामाला जाणाऱ्या माणसाने, मागच्या गल्लीतल्या शिवणकामवालीने, आजोबांना रिक्षापर्यंत नेणाऱ्या सुनेने. त्यांचा वळसा रोजचा आहे, तुमचा आठवड्यातून एकदाचा. त्यांच्यापैकी कोणी अर्ज केलाच तर वॉर्ड ऑफिसच्या खेपा तुम्ही घाला, कागद काढून द्या. पहिली सही तुमची नको.

पुढच्या रविवारी ग्रुप लहरीपुरा दरवाज्याशी जमेल तेव्हा तिथेच तीन-चारांच्या तुकड्या करा आणि वेगवेगळ्या वाटांनी सोडा. पोळेत एका बाजूने चाला, मधे थबकू नका, पोस्टवर पोळेचं नाव आणि लोकेशन घालू नका. कोरीव खांब आणि जुना रंग यांचीच भूक असेल तर आधी तांबेकर वाड्यात जा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भिंती भरल्यात, त्यात बायकाही पुष्कळ आहेत, आणि त्या पदर ओढत नाहीत.

राहता राहिला ड्रोन. तिथे माझं उत्तर नाही असं आहे, आणि या वेळी कायदाही माझ्या बाजूचा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघावा लागतो, आणि हरणीचा विमानतळ जुन्या शहरापासून फार लांब नाही. त्याहून मुख्य म्हणजे अगाशी, घरावरची गच्ची. ओटल्यावर निदान माणूस दिसायच्या तयारीने बसतो. अगाशीवर बाई न्हाऊन केस वाळवते, उन्हाळ्यात घरं तिथे झोपतात, आणि वरून कोणी बघणार नाही हे त्यांनी धरलेलं असतं. तिथे कलम ७७ खरोखर लागू शकतं. मित्राला सांगा, आधी स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवरून उडवून बघ आणि शेजारणी काय म्हणतात ते ऐक. आणि उत्तरायणात, पतंगांच्या दिवसांत, तर पेटीतून बाहेरही काढू नको म्हणावं. पोळेतली पोरं त्या दिवशी तक्रार करत बसणार नाहीत, सरळ काटतील.